उतरायला हवा होता तो आकडा

मशीनने दुसऱ्यांदाही तीनशे बाराच दाखवले, तेव्हा भावना मेश्रामने मशीनलाच वेड्यात काढले आणि नमुना तिसऱ्यांदा लावला. धंतोलीतल्या त्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षे रक्त तपासणारी बाई. आकड्याशी हुज्जत घालून तो बदलत नाही, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक? तरी घातली. तिसऱ्यांदा तीनशे चौदा आले.

नमुना रुपरावचा होता. उमरेडचा हा विणकर चार दिवसांपूर्वी मागावरच कोसळला. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फाटली होती. आणल्या आणल्या छाती उघडावी लागली. तेव्हापासून तो बेशुद्धच, श्वासही यंत्राचा. एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर अंगात सूज चढते, रक्तातला सीआरपीचा आकडा वाढतो आणि तिसऱ्या दिवसानंतर तो उतरू लागतो. उतरला तर माणूस सावरण्याची आशा. नाही उतरला, तर डॉक्टरांचे चेहरे बदलतात. रुपरावचा कालचा आकडा दोनशे साठ होता.

रिपोर्टबद्दल नातेवाइकांशी बोलायचे नाही, हा नियम भावना नव्या मुलींना दरडावून शिकवी. पण काल रुपरावची बायको कौशल्या तिच्या मागे मागे जिन्यापर्यंत आली. लेकीचा, मेघाचा, बी.कॉम.चा शेवटचा पेपर आज उमरेडला होता; पाठवू की नको, एवढेच तिला विचारायचे होते. भावनाचे मन द्रवले. उद्यापासून आकडा उतरतोच, बिनधास्त पाठवा, असे ती बोलून गेली. मोठी शहाणी लागून गेली होती!

आता सव्वानऊ वाजले होते. पेपर अकराला. मोठे डॉक्टर साडेअकराला यायचे, तोवर कौशल्याला कुणी काही सांगणार नव्हते. आत्ता मेघाला बोलावले आणि रुपराव तगला, तर पोरीचे वर्ष फुकट. नाही बोलावले तर... पुढचा विचार भावनाला करवेना. आकडा तिने आयसीयूत फोनवर कळवला आणि ती खाली उतरली.

कौशल्या बाकावर बसून नवऱ्याच्या धुतलेल्या सदऱ्याची घडी घालत होती.

"उतरला नं, ताई?"

"नाही उतरला, बाई. चढला." भावना तिच्या शेजारी बसली. "काल मी बोलली, ते चुकलं माझं. मेघाले बोलावून घ्या."

"पेपर हाये तिचा."

"माहीत हाये मले. तरी बोलवा."

कौशल्याने सदरा मांडीवर ठेवला. ती चिडली असती, दोन शब्द बोलली असती, तर भावनाला बरे वाटले असते. पण कौशल्याने फोन लावला, पदराने तोंड पुसले आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली,

"मेघा, पेपर राहू दे वं. बस पकड अन् ये. बाबा शुद्धीवर आले, तुलेच विचारून राहिले."

पलीकडून मेघाचे हसणे भावनालाही ऐकू आले.