टाकीकडे तोंड केलेली छत्री

मी एक जुनी छत्री आहे, मित्रांनो. पावसात डोक्यावर धरतात ती नव्हे. तिचं नशीब बरं, तिला माणसांच्या हातात राहायला मिळतं. मी गच्चीवरची, टीव्हीची छत्री. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखी पाहिलीही नसेल. हल्लीच्या डिश परातीएवढ्या असतात. मी बैलगाडीच्या चाकाहून मोठी, आणि माझं सगळं अंग जाळीचं. माझी हकिगत सांगण्याजोगी आहे की नाही याची मला शंकाच वाटते. पण मनावर एक ओझं आहे, आणि ते तुमच्याजवळ उतरवावं असं वाटतं. गोड मानून घ्या.

नगरच्या सावेडी भागात, वस्ती संपते तिथे एक पत्र्याची शेड होती. तिथे छगन नावाच्या कारागिराने मला घडवलं. त्याने जाळीच्या पाकळ्या कापल्या, त्या पट्ट्यांवर ठोकल्या आणि मधोमध तीन दांड्या उभ्या करून त्यांच्या टोकाला एक डबी बसवली. आभाळातून लहरी येतात. त्या माझ्या जाळीवर पडतात, मी त्या डबीकडे लोटते आणि वायरीतून त्या खाली टीव्हीत जातात. माझं काम एवढंच. तोंड मात्र नेमक्या दिशेला हवं. बोटभर इकडे-तिकडे झालं, की खाली पडद्यावर नुसत्या मुंग्या.

छगनच्या शेडमधून मी टेम्पोत बसून भिंगारला आले. कानिफनाथांच्या दोन खोल्यांच्या घरावर स्लॅबची गच्ची होती. शेजारच्या रंगुबाईंची गच्ची तिला लागूनच, मध्ये गुडघाभर भिंत. कानिफनाथ लष्कराच्या एका डेपोत माळी होते. त्यांच्या पत्नी भागूबाई, आणि एकुलता एक मुलगा ओंकार, तेव्हा शाळेत जाणारा. फुकट दिसणारी चॅनेलं पाहायची, म्हणून त्यांनी मला आणलं.

कानिफनाथांना कुस्तीचं वेड. एका रविवारी ते कुस्तीचं चॅनेल शोधत मला फिरवत होते. ते गच्चीवर आणि ओंकार खाली टीव्हीसमोर.

"आलं का रे?"

"न्हाई आलं."

"आता?"

"थांबा अण्णा! हलवू नका! सायकली हायेत!"

"कुस्ती न्हाई का?"

"न्हाई, सायकलीच सायकली! ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत!"

"कुनाचा मोर्चा हाय?"

मोर्चा नव्हता. दूर परदेशातली शर्यत होती. चॅनेल फुकट, भाषा अगम्य. कानिफनाथ कुरकुरत खाली गेले, ते दिवेलागणीपर्यंत टीव्हीसमोरून उठले नाहीत. त्या दिवसापासून माझं तोंड बहुतेक वेळ चांदबीबीच्या महालाच्या अंगाला असे. डोंगरावरचा तो महाल आमच्या गच्चीवरून स्वच्छ दिसतो.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. टीव्हीच्या खोलीची खिडकी माझ्या अगदी खाली, त्यामुळे बाप-लेकाचं बोलणं मला ऐकू येई. ओंकार चाकं पाही आणि कानिफनाथ शेतं.

"रान बघ कसं राखलंय. कुनी कुनाचा बांध कोरलेला न्हाई."

"अण्णा, सायकली बघा ना!"

"बघतोय की. त्यो फुडचा हिरवा दमलाय. मान टाकली बघ त्यानं. आता मागचा त्याला खातोय."

आणि खरोखर तसंच होई. मग ओंकार टाळ्या पिटी. भागूबाई चुलीपाशी तक्रार करत, "ह्यांच्या सायकली घाट चढंस्तोवर माजी भाकर करपती." पण घाट फार अवघड असला की त्यासुद्धा पिठाचे हात घेऊन दारात येऊन उभ्या राहत. शेजारीपाजारी म्हणत, "कानिफनाथांची छत्री लई लांबचं धरती." ऐकून मला संकोच वाटे, आणि खरं सांगायचं तर आनंदही होई.

पाहता पाहता ओंकारने सायकल हाती धरली. रोज सकाळी महालाचा घाट चढून येई. गावच्या शर्यती झाल्या, जिल्ह्याच्या झाल्या. वडील त्याच्या आधी उठून टायरात हवा भरून ठेवत. पुढे तो एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लागला. घराला जरा बरे दिवस येणार असं वाटत होतं. पण ऐन कायम होण्याच्या वेळी त्याने नोकरी सोडली. पंजाबातल्या सरावाच्या शिबिरात त्याची निवड झाली होती.

ते भांडण माझ्यासमोर, गच्चीवरच झालं.

"परमनंट नोकरी लाथाडून सायकल चालवनार? टीव्हीतले गोरे बघून पोट भरतंय व्हय रे?"

"तुमीच दाखवलं ना, अण्णा," ओंकार म्हणाला. "मला झोपंतून उठवून तुमीच बसवायचा बघायला."

माणसाचा राग अशा वेळी जवळ असेल त्या वस्तूवर निघतो. ओंकार शिडी उतरून गेला. कानिफनाथांनी पाना आणला, खांबाचा नट सैल केला, मला गरकन फिरवून माझं तोंड पाण्याच्या टाकीकडे केलं आणि नट आवळून टाकला.

"हिनंच पोराचं वाटुळं केलं," ते म्हणाले.

माझं चुकलं होतं का, मित्रांनो? मी पुष्कळ विचार केला. मला नीटसं उत्तर मिळालं नाही.

दोन वर्षं मी सिमेंटच्या टाकीकडे पाहत उभी होते. खाली केबल आली. भागूबाईंनी माझ्या पायाशी दोडका लावला, त्याचा वेल खांबावरून चढून जाळीभर पसरला. उन्हाळ्यात माझ्या कडेला कापडं बांधून सांडगे वाळवले जात. ओंकारचा फोन आईला येई. त्या वेळी कानिफनाथ चपला घालून अंगणात जात आणि फोन संपला की परत येत. "काय म्हनत होता?" असं त्यांनी कधी विचारलं नाही. भागूबाईच आपण होऊन भिंतीला सांगितल्यासारखं सांगत, "बरा हाय म्हनं. जेवन बरं मिळतं म्हनं."

मग गेल्या भादव्याच्या अखेरीस एक फोन आला. परदेशात एक मोठी शर्यत होती आणि आपल्या देशाच्या संघात ओंकार होता. मोबाईलवर ती पैसे भरणाऱ्यांनाच दिसणार होती, केबलवर तर नाहीच. पण ओंकार आईला म्हणाला, "आपल्या जुन्या फुकट चॅनेलवर दाखवनारेत, आई. छत्री हाय का अजून?"

दुसऱ्या दिवशी भागूबाई विळा घेऊन शिडी चढल्या. त्यांनी दोडक्याचा वेल मुळापासून कापला. शेजारच्या गच्चीवर रंगुबाई धुणं वाळत घालत होत्या. घट बसायला आले होते ना! आमच्याकडे घटस्थापनेआधी घरातली चिंधी न् चिंधी धुऊन निघते.

"भागूबाई, छत्री लावताय का दोडके काढताय?"

"पोरगं दिसनारे माजं टीव्हीत."

"मग घरधन्याला बोलवा की! तुमाला काय कळतंय त्यातलं?"

"त्येंची आन हिची बोलनी बंद हाये," भागूबाई म्हणाल्या आणि पाना नटाला लावला.

त्या मला इंच इंच फिरवत होत्या आणि खिडकीतून टीव्हीचा खरखराट येत होता. खाली कानिफनाथ खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. बराच वेळ गेला. भागूबाई रडकुंडीला आल्या. तेव्हा खिडकीतून आवाज आला, जसा काही कोणी झोपेत बोलतंय.

"महालाच्या उजव्या अंगाला. लई वर धरली असशील. जरा खाली."

भागूबाईंनी मला जरा खाली केलं. खरखराट थांबला.

शर्यतीच्या दिवशी दुपारी टीव्ही लागला. कानिफनाथ खाटेवरच होते, पण आता त्यांचं तोंड भिंतीकडे नव्हतं. हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं, कारण थोड्या वेळाने ते म्हणाले, "निळ्या कपड्यातले आपले. तिसरा त्यो असंल."

"कशावरनं?"

"डावा खांदा पाडतो त्यो. ल्हानपनापासून."

माझ्या जाळीला किती दिवसांनी ऊन लागत होतं! वाटलं, आता सगळं नीट होईल.

तेवढ्यात रंगुबाई भिजलेली गोधडी खांद्यावर टाकून वर आल्या. त्यांच्या दोऱ्या भरल्या होत्या, मधली भिंत भरली होती. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि त्यांना मी दिसले. वेल काढलेली, स्वच्छ, उन्हात पसरलेली.

"बाई, किती मोकळी झाली ही," असं म्हणत त्यांनी ती गोधडी माझ्या वरच्या कडेवर टाकली आणि पुढची आणायला खाली गेल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. दोन वर्षं माझ्यावर दोडके न् सांडगे पाहिल्यावर त्यांना तरी मी वाळवणाची जागाच वाटणार. पण गोधडी पाणी पिऊन रेड्यासारखी जड झाली होती. मी हळूहळू कलू लागले. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

खाली भागूबाई किंचाळल्या, "पडली! पोरं पडली! एकावर एक... अहो, निळे कपडे हायेत खाली! आपला..."

आणि चित्र गेलं.

गुडघे दुखतात म्हणून कानिफनाथ दोन वर्षं शिडी चढले नव्हते. त्या दिवशी ते वर कसे आले, ते त्यांनाही सांगता येणार नाही. त्यांनी गोधडीला हात घातला. रंगुबाई दुसरी बादली घेऊन येत होत्या.

"काय झालं, भाऊजी?"

"वैनी, आधी ही काढा! पोरगं पडलंय माजं!"

"आगं बया! माज्या मेलीच्या लक्षात न्हाई आलं..." बादली तशीच टाकून त्या धावल्या. दोघांनी गोधडी ओढून काढली.

कानिफनाथांनी मला सरळ केलं आणि नट आवळायला गेले. नट नुसताच गरागरा फिरला. दोन वर्षांच्या गंजाने त्याचे आटे खाल्ले होते, उरलेसुरले गोधडीच्या ओझ्याने गेले होते. हात सोडला की मी कलायची. शेवटी त्यांनी मला दोन्ही हातांनी मिठीत धरलं आणि ओरडले, "आलं का?"

"न्हाई!"

"आता?"

"न्हाई... आलं! आलं! हलू नका!"

"मी धरते, भाऊजी, तुमी जा खाली," रंगुबाई म्हणाल्या. त्यांनी धरून पाहिलं. पण हात जरा थरथरला, की खालून भागूबाईंची ओरड. कानिफनाथांनी मला परत घेतलं आणि रंगुबाई दोरी शोधायला पळाल्या.

शर्यत खाली खिडकीत चालली होती आणि बाप वर माझ्याजवळ उभा होता. मी जन्मभर शर्यती पकडल्या, पण एकही पाहिली नाही. त्या दुपारी त्यांची गतही माझ्यासारखीच झाली.

"काय दिसतंय, सांग की!"

"फुडची पोरं गेली. त्यात न्हाई."

"मागं बघ."

"मागं दवाखान्याची गाडी हाय."

कानिफनाथांची बोटं माझ्या जाळीत रुतली. "गाडीत कोन हाय?"

"दिसना. गाडीच दावत्यात नुसती."

खाली टीव्हीतला परक्या भाषेतला माणूस एकटाच बोलत होता.

"भागू! सांग ना गं!"

"आला! आला वो! डावा खांदा पाडून... त्योच हाय!"

"लागलंय का?"

"कोपर लाल झालंय. मांडीवर चड्डी फाटलीय. पन पाय चालत्यात."

"कितवा हाय?"

"लई मागं. त्याच्या मागं कुनीच न्हाई."

कानिफनाथांनी कपाळ माझ्या जाळीला टेकलं. "चालू दे," ते म्हणाले. "चालव म्हनावं त्याला."

भागूबाईंनी खरोखरच टीव्हीला तसं सांगितलं. शेवटी "पोचला!" असं त्या ओरडल्या, तेव्हाही कानिफनाथांनी मला सोडलं नाही. शर्यत संपून कसलीशी गाणी लागली, तरी ते धरूनच होते.

ते मला नायलॉनच्या दोरीने खांबाला बांधत असताना भागूबाई फोन घेऊन वर आल्या. फोनचा आवाज मोठा होता.

"आई, अण्णांनी बघितलं का?"

भागूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

"बघितलं की! सारं बघितलं," भागूबाई म्हणाल्या आणि फोन त्यांच्यापुढे धरला.

या वेळी ते अंगणात गेले नाहीत. फोन हातात घेतला. मग म्हणाले, "धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंस का?"

"घेतलं, अण्णा."

"बरं," ते म्हणाले, आणि फोन भागूबाईंच्या हातात देऊन पुन्हा दोरीची गाठ आवळू लागले.

दोन वर्षांत बाप-लेक एवढंच बोलले. फार नाही, मला ठाऊक आहे. पण मला टोचतं ते वेगळंच. मुलगा परक्या मुलखात रक्ताळलेल्या कोपराने घाट चढत होता, आणि ज्या माणसाने त्याला घाट पाहायला शिकवलं, त्याच्या नशिबी मला धरून उभं राहणं आलं. का, तर एक नट गंजला होता. त्याला दोन वर्षांत कुणी दोन थेंब तेल दिलं असतं, तर कानिफनाथांना खाली जाऊन बसता आलं असतं.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात, गच्चीवर, माळ्यावर रागाच्या भरात बाजूला सारलेलं काही असेल, तर त्याला तसंच गंजत ठेवू नका. राग राहिला तर राहू द्या, पण तेल देत जा. ते कधी लागेल, सांगता येत नाही.

मी अजून त्या दोरीवरच उभी आहे. वारा आला की गाठ कुरकुरते. ओंकारची पुढची शर्यत जवळ आली आहे म्हणे. शिडी वाजली की मी कान टवकारते. कुणी नवा नट घेऊन वर येतंय का, तेवढं पाहते.