जाड तार, पातळ तार

“मास्तर, नॉबला मी हातसुद्धा लावला नाही. लेकीची शपथ!” घाईबाबा भट्टीसमोर उभा राहून मला सांगत होता. त्याच्यामागे दवाखान्यासाठी बनवलेले चाळीस पलंग रांगेत उभे होते. पांढरा रंग देऊन सुकायला भट्टीत घातले आणि बाहेर आले ते पार पिवळट होऊन.

घाईबाबा भट्टी चालवतो. जेवतानाही त्याचा एक पाय दाराकडे असतो, म्हणून हे नाव. तेव्हा लवकर सुटण्यासाठी यानेच तापमान वाढवलं असणार, यावर सगळ्यांचं एकमत झालं. साहेब मला म्हणाले, “थर्मोस्टॅट तपासा, ठीक आहे असं लिहून द्या. मग याला घरी बसवतो.”

आमचा थर्मोस्टॅट दाबाच्या हवेवर चालतो. एका बारीक भोकातून हवा आत येते. भट्टी तापली की थर्मोस्टॅट ती हवा सोडून देतो, दाब उतरतो आणि बर्नरचा गॅस कमी होतो. सगळा खेळ त्या भोकाचा. ते तेलाने, धुळीने बुजतं, म्हणून मी ते तारेने साफ करतो. भोकाला पातळ तार, हवा जिथून सुटते त्या तोंडाला जाड. दोन्ही तारा एका जुन्या पेनाच्या टोपणात आणि टोपण खिशाला लावलेलं, एकतीस वर्षं.

ते भोक ज्यात असतं, ते पितळी बूच मी काढलं. पातळ तार घातली, ती आत नुसती डुलायला लागली. मग जाड तार घातली. ती तिथे शिरताच कामा नये, पण सुळकन आरपार गेली.

मागच्या आठवड्यात इथे जाड तार मीच घातली होती. अडली, तेव्हा ‘कचरा फार साचलाय’ म्हणून जोर लावला होता. भोक मोठं झालं, हवा जास्त यायला लागली, थर्मोस्टॅटने कितीही सोडली तरी गॅस कमी होईना. बायको वर्षभर सांगतेय, “अहो, चष्मा बदला आता.” मी म्हणायचो, “डोळे शाबूत आहेत, तुझ्या स्वयंपाकघरातला दिवाच मंद आहे.”

नवं बूच पेटीत होतंच. गुपचूप बसवलं असतं तर कोणाला काय कळणार होतं? निवृत्तीला दोन महिने उरलेले. खोटं कशाला बोलू, ते बूच हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. घाईबाबा तिथेच उभा होता. त्या दिवशी त्याला कुठेच जायचं नव्हतं.

साहेबांच्या टेबलावर मी जुनं बूच ठेवलं. “चूक माझी आहे. त्याची नाही.”

“मास्तर, दोन महिने राहिलेत तुमचे. कोणी विचारलं होतं तुम्हाला?”

“तुम्हीच. तपासा म्हणालात.”

घाईबाबा भट्टीवर राहिला. मला दुसऱ्या दिवसापासून स्टोअरच्या खिडकीत बसवलं, हातमोजे आणि नटबोल्ट द्यायला. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. घाईबाबा चार दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचं बरोबरच होतं. पाचव्या दिवशी खिडकीशी आला.

“साफसफाई आता माझ्याकडे दिलीय. तारा द्या.”

मी दोन्ही तारा त्याच्या तळहातावर ठेवल्या.

“यातली पातळ कुठली?”

“मला विचारू नकोस. चिमटीत धरून फिरव. जी धरलीय असं वाटतच नाही, ती पातळ.”

त्याने एकेक तार सावकाश फिरवून पाहिली. मग “ही,” म्हणाला आणि भट्टीकडे गेला.

रिकामं टोपण मी पुन्हा खिशाला लावलं.