अनोळखी इसम

आई गेली आणि मी कंपनीला अनोळखी झालो. गोष्ट एवढीच आहे. सविस्तर सांगायचं खरं तर आता त्राण नाही.

आमच्यात, म्हणजे कोकणातल्या बेने इस्राएली ज्यूंत, आईबाप गेले की महिनाभर दाढीला वस्तरा लावत नाहीत. शेजारीपाजारी सुतकात डोकं भादरतात, आम्ही केस वाढू देतो. दुःख तेच, न्हाव्याचं गिऱ्हाईक तेवढं बदलतं. पनवेलमध्ये हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तळोज्याच्या आमच्या केमिकल कंपनीने मात्र गेटवर चेहरा ओळखणारं मशीन बसवलं होतं, आणि ते पनवेलचं नव्हतं.

सुतकाचा आठवडा घरात काढून मी कामावर गेलो. मशीनपुढे उभा राहिलो तर लाल दिवा. 'ओळख पटली नाही.' चष्मा काढला, मान वर केली, शेवटी हसूनसुद्धा पाहिलं. आई गेलेल्या माणसाने एका यंत्राला खूश करायला हसावं, ह्याची मला आजही लाज वाटते.

गेटवर कल्पेश म्हात्रे होता. चिरनेर गावचा वॉचमन, आईला खांदा द्यायला आला होता.

"साहेब, तुमीच हाय ते मला दिसतंय," तो म्हणाला. "पन मशीनशिवाय कुनाला सोडायचं नाय, अशी ऑर्डर हाय."

एचआरमधल्या शैलेशला बाहेर बोलावलं. पोरगा चांगला आहे, म्हणून जास्तच राग येतो.

"राफेल सर, तुम्हीच आहात, मला दिसतंय ना. पण माझ्या दिसण्याला काही व्हॅल्यू नाही हो."

"मग नवीन फोटो घे."

"जुना चेहरा मॅच झाल्याशिवाय सिस्टीम नवीन घेत नाही." मग घसा खाकरून म्हणाला, "मुंडन चालतं सर. त्याचं ट्रेनिंग दिलंय सिस्टीमला. दाढीची केस कधी आलीच नव्हती."

येणार कुठून? आमची निम्मी घरं इस्राएलला गेली, माझा मुलगा अवीवसुद्धा तिकडेच. जे उरलो ते हिशेबात धरण्याइतके नाही. कुणी मुद्दाम वगळलं असतं तर भांडलो तरी असतो. इथे आम्ही कुणाच्या ध्यानातच आलो नव्हतो.

"एखाद्या माणसाने माझ्याकडे बघून निर्णय द्यावा, एवढा तरी हक्क मला आहे की नाही?" मी विचारलं.

"आहे ना सर. ॲपवर तक्रार करा."

ॲपने माझ्या दुःखात सहभागी असल्याचं कळवलं आणि ओळख पटवायला सेल्फी मागितला. सेल्फीही नापास झाला.

घरी माझी बायको आदिना म्हणाली, "करून टाका दाढी. आई समजून घेतील."

"ती घेईल गं," मी म्हटलं. "मलाच जमत नाही." आजारपणात शेवटी शेवटी तिच्यासाठी काही करता आलं नव्हतं. हे एक उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल दिवा लागला. कल्पेशने इकडेतिकडे पाहिलं आणि बाजूचं छोटं फाटक उघडलं.

"जावा साहेब आत. मानसानं मानसाला वळखायचं नाय, तर मग कुनी?"

मी दिवसभर लॅबमध्ये काम केलं. किती बरं वाटलं, काय सांगू! पुढच्या सकाळी गेटवर दुसराच वॉचमन होता. कल्पेश सस्पेंड झाला होता. फाटकावर कॅमेरा होता. कारण दिलं होतं, 'अनोळखी इसमास प्रवेश दिला.'

शैलेशने मला बाजूला घेतलं. "सर, तुमची ओळख मशीनवर पटली तर त्याची केस कदाचित सुटेल."

त्यातलं 'कदाचित' मी कानाआड केलं. कल्पेशच्या घरात कमावणारा तो एकटा. संध्याकाळी मी मोरीत आरशापुढे उभा राहिलो आणि वस्तरा चालवला. आदिना दाराबाहेर उभी होती. मी आईची माफी मागितली आणि लहान मुलासारखा रडलो.

सकाळी हिरवा दिवा लागला. 'सुप्रभात, राफेल पेणकर.' मी तडक शैलेशकडे गेलो. तो बराच वेळ कॉम्प्युटरवर टकटक करत बसला.

"सर, तुमची ओळख पटली," शेवटी तो म्हणाला. "पण त्या दिवशीच्या फुटेजमधला दाढीवाला तुमच्याशी मॅच होत नाही. तो अजून अनोळखीच दाखवतोय. कल्पेशची केस काही सुटत नाही."

"अरे, तो मीच होतो!"

"मला माहितीये सर."

त्याला खरंच माहीत होतं. भांडायलाही समोर कुणीतरी लागतं.

बाहेर आलो तर कल्पेश युनिफॉर्म परत करायला गेटवर आला होता. माझा चेहरा बघून तो जागीच थांबला.

"साहेब, काय केलंत हो? आईसाठी ठेवली हुती ना?"

मग त्याचं त्यालाच समजलं, मी हे कशासाठी केलं ते. त्याचे डोळे भरून आले. काम झालं असंच त्याला वाटलं. युनिफॉर्मची पिशवी तशीच काखेत धरून तो वाकला आणि माझ्या पायांना हात लावला, आणि काम झालेलं नाही हे मला त्याला सांगायचं होतं.