येती दोन दिवसांत

भाऊसोनं हेडफोन डोक्यावर चढवला आणि लगेच उतरवला. उलटा बसला होता. दुसऱ्या वेळी त्याची वायर चष्म्याच्या काडीत अडकली, चष्मा नाकावरून घसरला आणि तो पकडायच्या नादात कोपर माइकला लागलं. मोठ्या काचेपलीकडे बसलेल्या ऋतुराजनं दचकून कान झाकले. रेकॉर्डिंग करणारा हा पोरगा सकाळपासून हसू दाबून बसला होता. आता त्याला ते दाबता आलं नाही.

"काका, माइक जित्ता हाय," तो म्हणाला.

"जित्ता हाय म्हंजे? चावतोय काय?"

ऋतुराजच्या शेजारी बसलेला भाऊसोचा पोरगा प्रसेनजीतही हसला. "आबा, तुमी असंच ऱ्हावा. आमाला ह्योच माणूस पायजे."

ह्योच माणूस. भाऊसोनं चष्मा सदऱ्याला पुसला आणि परत डोळ्यांवर ठेवला.

राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर हा स्टुडिओ होता. एरवी इथं साड्यांच्या दुकानांच्या आणि निवडणुकीच्या जाहिराती व्हायच्या. आज प्रसेनजीत पुण्याहून आला होता, स्वतः चितारलेली कार्टूनची मालिका घेऊन. मालिकेचं नाव 'दीड माणूस'. दोन खोल्यांच्या घरात एक बाप आणि एक पोरगा. बाप पिराजी, पोरगा गुंड्या. पिराजी हात लावेल ते बिघडवतो आणि गुंड्या ते निस्तरतो. घरात बाई नाही. पहिल्या भागाची चित्रं तयार होती, बाकीच्यांचे आवाजही भरून झाले होते. राहिला होता फक्त पिराजी. पुण्यातल्या एका नटानं तो करून बघितला, पण तो 'गेलीया' म्हणाला की वगात म्हटल्यासारखं वाटायचं. मग प्रसेनजीतचा फोन आला होता, "आबा, रविवारी सुट्टी हाय न्हवं? जरा आवाज पायजे तुमचा."

आवाज पाहिजे म्हटल्यावर भाऊसो दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून आला होता.

भिंतीवरच्या टीव्हीवर चित्र सुरू झालं. पिराजी भाकरी थापत होता. ती फाटली. दुसरीही फाटली. मग त्यानं खिशातून व्हर्निअर काढून तिसरीची जाडी मोजली.

भाऊसोला हसू आलं, कारण हे त्यानं खरंच केलं होतं. उद्यमनगरातल्या कारखान्यात तो तीस वर्षांपासून लेथवर होता. त्याच्या हातून निघालेला ऑइल इंजिनचा बुश केसाच्या निम्म्यानंही कमी-जास्त व्हायचा नाही. तेच हात घरात आले की त्यांना काय व्हायचं कोण जाणे. दूध उतू जायचं, कुकरची शिट्टी कपाटाखाली सापडायची, पोराचा पांढरा सदरा धुऊन गुलाबी निघायचा.

पुढच्या प्रसंगात गुंड्यानं वर्गात डबा उघडला. आत तेलकट चिंध्यांचा बोळा आणि दोन बुश. वर्गातली पोरं हसून बाकांवरून पडली, गुरुजींचा चष्मा उडाला. इथं भाऊसो हसला नाही. बापलेकांचे डबे दिसायला सारखेच होते, आणि सकाळच्या गडबडीत ते बदलले होते. त्या दिवशी संध्याकाळी सहा वर्षांच्या प्रसेनजीतनं दोन्ही बुश पुसून त्याच्यापुढं ठेवले होते. "आबा, ह्ये तुमचं. ज्ञानूनं मला निम्मी भाकरी दिलती." तक्रार नाही, रडणं नाही.

पोराच्या सगळं ध्यानात होतं. चित्रातलं घरसुद्धा सिद्धार्थनगरातलं तेच होतं. तीच मोरी, तोच स्टो, दाराआडच्या खुंटीला अडकवलेली तीच निळी-पिवळी वायरची पिशवी. सगळं ध्यानात असेल तर आईबद्दलचं तेही असणार. ते पोरानं कसं ध्यानात ठेवलंय, हे अठरा वर्षांत भाऊसोला विचारता आलं नव्हतं. आज ते ऐकायला मिळणार होतं, आणि त्याला त्याचीच भीती वाटत होती.

काम मात्र झकास चाललं. पिराजी दुधावर ओरडतो, कुकरशी भांडतो, गुंड्याच्या चड्डीची नाडी काढायला पक्कड आणतो. भाऊसोला नाटक करावंच लागलं नाही. प्रसेनजीतनं त्याची वाक्यं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिली होती. तो वाचायचा आणि ऋतुराज अंगठा दाखवायचा.

"काका, एक नंबर! पुण्याचा नट घरी गेला बगा."

मग ते वाक्य आलं. शेजारीण पिराजीला विचारते, वैनी दिसत न्हाईत त्या? पिराजी म्हणतो, "माहेरला गेलीया. येती दोन दिवसांत." दूधवाला विचारतो, तेच. गुरुजी विचारतात, तेच. आणि भागाच्या शेवटी गुंड्या विचारतो, तेव्हाही तेच. प्रत्येक भागात हे वाक्य येणार होतं. चॅनलवाल्यांना तेच सगळ्यात आवडलं होतं.

शेजारणीचं झालं. दूधवाल्याचं, गुरुजींचंही झालं. गुंड्याच्या प्रश्नाला भाऊसोनं उत्तर दिलं, तेव्हा प्रसेनजीतनं मान हलवली.

"आबा, जरा घाई झाली. परत."

दुसऱ्यांदा आवाज घोगरा झाला. तिसऱ्यांदा भाऊसोच्या तोंडून निघून गेलं, "मलकापूरला गेलीया."

ऋतुराजला काही कळलं नाही, त्यानं कागदात बघितलं आणि म्हणाला, "काका, मलकापूर कुठनं आलं?"

मलकापूर भाऊसोच्या बायकोचं, हौसाचं माहेर होतं.

नव्वद सालच्या दिवाळीनंतर हौसाला कावीळ झाली. चार दिवस दवाखान्यात होती, पाचव्या दिवशी सकाळी गेली. प्रसेनजीतला वस्तीतल्या अंबूबाईकडं ठेवलं होतं, दोन गल्ल्या सोडून. सगळं आटोपून माणसं घरी आली, आणि भाऊसो ओल्या डोक्यानं दारात बसला असताना पोरगं अंबूबाईचा हात सोडून पळत आलं. आत जाऊन आलं. मोरीत बघून आलं.

"आई कुठं हाय?"

घरभर माणसं होती. भाऊसोच म्हणाला, "माहेरला गेलीया. येती दोन दिवसांत."

दोन दिवसांनी सांगू, असं त्याच्या मनात होतं. दोन दिवसांनी अंबूबाई म्हणाली, "भाऊसो, सांगून टाक. पोरगं वाटंकडं डोळं लावून बसतंय." त्याला जमलं नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमसुद्धा त्यानं जोतीरामच्या, म्हणजे मेव्हण्याच्या घरी मलकापुरात केला, पोराला कळू नये म्हणून. हौसाचा मोठा करून आणलेला फोटो बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी लावायचा होता. तो तिच्याच लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला. तो अजून तिथंच होता.

मग रोज संध्याकाळी पोरगं विचारायचं, आई कवा येणार? आणि तो सांगायचा, येती दोन दिवसांत. सांगताना त्यालाही क्षणभर खरं वाटायचं. हौसा पिशवी घेऊन फाट्यावर एसटीची वाट बघत उभी आहे, असं दिसायचं. दीडेक महिना असा गेला.

एका दुपारी कारखान्यात त्याच्या हातून काम बिघडलं. पहिल्यांदाच. तो मशीन बंद करून भिंतीकडं तोंड करून उभा राहिला आणि चिंधीनं डोळे पुसत राहिला. शेजारच्या लेथवरच्या केरबाला म्हणाला, कचरा गेला डोळ्यात. तेवढ्यात दारात दप्तर घेऊन प्रसेनजीत उभा. शाळा लवकर सुटली होती. तो जवळ आला, बापाच्या तोंडाकडं बघत राहिला, आणि सगळ्यांसमोर विचारलं, "आबा, आई कवा येणार?"

भाऊसोनं त्याच्या थोबाडीत मारली. तेलकट हाताची पाच बोटं पोराच्या गालावर उठली. केरबानं आपलं मशीन बंद केलं.

त्यानंतर पोरानं कधीच विचारलं नाही. त्याला कुणी सांगितलं, कधी कळलं, भाऊसोला पत्ता नव्हता. तिसरीत शाळेचा एक फॉर्म आला, त्यात आईच्या नावापुढं पोरानं आपल्या अक्षरात लिहिलं होतं, कालकथित हौसा भाऊसो कांबळे. भाऊसोनं ते वाचलं आणि खाली सही केली. एवढंच.

"आबा," हेडफोनमधून प्रसेनजीत म्हणाला, "मलकापूर नको. नुस्तं माहेर."

"ह्यो इनोद हाय व्हय?"

"लोक हसतील की."

"आन तू?"

प्रसेनजीतचे ओठ हलले, पण त्यानं बोलायचं बटण दाबलं नव्हतं. काचेतून काहीच ऐकू आलं नाही.

"पाणी पितो जरा," भाऊसो म्हणाला आणि हेडफोन न काढताच वळला. वायर ताणली गेली, पायात आली, कागदांचा स्टँड आडवा झाला आणि त्याच्याबरोबर शेजारच्या स्टुलावरची प्रसेनजीतच्या कागदांची चवडही खाली गेली. पाण्याचा पेला तेवढा वाचला. ऋतुराज उठायला लागला, तेव्हा भाऊसोनं हातानं थांबवलं. गुडघे टेकून तो कागद गोळा करू लागला. आपला मोठ्या अक्षरांचा कागद शोधताना त्याच्या हातात दुसराच आला. छापलेला. प्रसेनजीतचा. त्यात सगळ्यांची वाक्यं होती, आणि मधेमधे कंसात काहीबाही लिहिलेलं. भाऊसोनं बोट ठेवून वाचलं.

गुंड्या : आबा, आई कवा येणार?

त्याच्याखाली कंसात होतं :

(गुंड्याला सगळं ठाऊक आहे. आईची माहेरची पिशवी पहिल्या दिवसापासून खुंटीलाच आहे, आणि त्या पिशवीशिवाय आई कधी माहेरला जात नाही. पण 'येती' म्हणताना आबाचा चेहरा जरा बरा होतो. म्हणून आबा रडलेला दिसला की गुंड्या मुद्दाम विचारतो.)

भाऊसोनं ते दोनदा वाचलं. मग मान वर करून टीव्हीकडं बघितलं. चित्र थांबवलेलं होतं. पिराजी स्टोजवळ पाठमोरा बसला होता, गुंड्या त्याच्यामागं उभा होता. खुंटीला निळी-पिवळी पिशवी होती. घरातली ती पिशवी काढायचं आपल्याला कधी सुचलंच नव्हतं.

"आबा, लागलं काय?"

"न्हाय."

तो उठला. स्टँड उभा करून आपला कागद त्यावर लावला, चष्मा नीट केला. हेडफोन एका कानावरून घसरला होता, तो दोन्ही कानांवर बरोबर बसवला. माइकसमोर आला.

"गुंड्याचं वाक्य कोन म्हणतंय?"

"भरलेलं हाय की. बारकी पोरगी हाय एक पुण्याची, तिचा आवाज हाय."

"ते नको. तू म्हण."

प्रसेनजीत हसून काहीतरी म्हणणार होता. मग बापाच्या हातात कुठला कागद आहे ते त्याला दिसलं. त्यानं नजर खाली नेली, टेबलावरचं पेन उचललं, परत ठेवलं. ऋतुराजनं दोघांकडं बघितलं आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. लाल दिवा लागला.

"आबा," चोवीस वर्षांचा आवाज भाऊसोच्या दोन्ही कानांत आला, "आई कवा येणार?"

भाऊसोनं तोंड उघडलं. उजव्या हातातल्या कागदाची सळसळ माइकमध्ये जात होती, म्हणून तो हात त्यानं पाठीमागं नेला. वाक्य पाठ होतं. समोरच्या कागदावर मोठ्या अक्षरातही होतं. लाल दिवा तसाच होता, ऋतुराजच्या पडद्यावर आवाजाचा काटा हलत होता आणि काचेपलीकडची दोन्ही पोरं वाट बघत होती.

"पुन्ना एकदा इचार," तो म्हणाला.

रेकॉर्डिंग बंद करायला ऋतुराजचा हात पुढं झाला. प्रसेनजीतनं तो धरला आणि बोलायच्या बटणावर वाकला.