डोळ्यांच्या जागेत

मावशी जन्मापासून आंधळी. भाचीच्या संशोधनासाठी ती हौसेनं एमआरआय करून घ्यायला आली आणि यंत्रातून बाहेर पडल्या पडल्या म्हणाली, "आत कुणी पत्रे ठोकत होतं का गं? एवढ्या गोंगाटात माझा मेंदू फोटोसाठी धड बसला असेल का?"

भाचीनं तीन गट केले होते: जन्मांध, मोठेपणी दृष्टी गेलेले आणि डोळस. यंत्रात आडवं पडून प्रत्येकानं उठावाचे आकार बोटांनी ओळखायचे. दिसण्याचं काम करणारा मेंदूचा मागचा भाग तेव्हा किती जागा होतो, ते ती मोजत होती. जन्मांध लोकांत तो गपगार असणार, असा तिचा कयास. निघालं भलतंच. तिथेच तो सगळ्यांत जास्त उजळला होता.

ती धावतच मार्गदर्शक सरांकडे गेली. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "जन्मांधांच्या गटात तरुण जास्त आहेत. त्यांची उत्तरंही जास्त बरोबर आली. हा फरक वयाचा किंवा सरावाचा नसेल कशावरून?"

तिचं तोंड एवढंसं झालं. पण मुद्दा बिनतोड होता. सगळे एकाच वयाचे असते, सगळ्यांना आकार सारखेच ओळखता आले असते, तर काय दिसलं असतं, असा हिशेब तिनं नव्यानं मांडला. फरक विरघळणार हे धरूनच ती पडद्यापुढे बसली.

फरक थोडा घटला. पण हटला नाही.

सर खुर्चीमागे उभे होते. हळूच म्हणाले, "बाप रे."

संध्याकाळी तिनं मावशीला सगळं सांगितलं.

"म्हणजे माझी बोटं डोळ्यांच्या जागेत काम करतात?"

"तुझ्या एकटीचं नाही सांगता येणार. नोंदींवरची नावं पुसलेली असतात. पण तुझ्यासारख्यांचं, हो."

मावशीनं डोक्याच्या मागे तळवा धरला. "मला वाटायचं, तिथं नुसती अडगळ असेल. आणि ते बेटं राबत होतं. मला पत्ताही न लागू देता!"

भाचीला हसू आलं, मग रडू. मावशीनं हात लांब करून तिचा चेहरा चाचपला. कपाळ, भुवया, ओले गाल. "रडतेस कशाला, वेडे?"

डोळ्यांच्या त्या जागेत या क्षणी कदाचित आपला चेहरा उमटत असेल, या विचारानं भाची श्वास रोखून बसून राहिली.