माझ्या पोटातली अंगठी

मित्रांनो, मी एक जुना बटवा आहे आणि मला चेहरा आहे. पूर्वी हा चेहरा एका बॅजरचा होता. बॅजर म्हणजे बिळात राहणारा, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या तोंडाचा जाडजूड प्राणी. तो दुधाच्या गाडीखाली आला. माझा मालक टॉर्क्विल, त्याच्या आजोबांनी त्या बॅजरचं कातडं कमावलं आणि मला शिवलं. त्यांनी माझे ओठही शिवून टाकले, त्यामुळे साठ वर्षं मी गप्प आहे.

आमच्या स्कॉटलंडच्या डोंगरात पुरुष किल्ट नेसतात. कंबरेभोवती आठ वार लोकर गुंडाळतात, पण एवढ्या कापडात एक खिसा शिवायचं कोणाला सुचलेलं नाही. म्हणून कंबरेपुढे साखळीने आम्ही बटवे लटकतो. आम्हाला स्पोरन म्हणतात. माझ्या पोटात तंबाखू राहिली, मासे धरायचे गळ राहिले, ओटच्या भाकरीचे तुकडे राहिले आणि एकदा बदकाचं जिवंत पिल्लूही राहिलं. मी कधी तक्रार केली नाही. पिल्लाने केली. नाचताना मात्र मला बाजूला, कुल्ल्यावर सरकवतात. न सरकवल्यास उडी मारताना मी कुठे आपटतो, हे नाचणाराच जाणे.

घरात माझी एक शत्रू आहे. टॅटी नावाची कुत्री. तिच्या सात पिढ्या बिळातून बॅजर ओढून मालकाच्या पायाशी टाकण्यात गेल्या. माझा डावा डोळा तिनेच खाल्ला.

तर, टॉर्क्विलचा मित्र लॉख्लन याचं मारीशी लग्न ठरलं आणि टॉर्क्विल करवला झाला. आमच्याकडे लग्नाची अंगठी करवल्याने सांभाळायची असते. आदल्या दिवशी लॉख्लनने स्वतःच्या हाताने अंगठी माझ्या आतल्या कप्प्यात ठेवली.

"हरवलीस तर मारीने मला सोडलंच म्हणून समज," तो म्हणाला.

"अरे, बॅजरच्या पोटात आहे. कोण हात घालणार?" टॉर्क्विल म्हणाला.

लग्नाच्या सकाळी टॉर्क्विलच्या आत्याने मला पाहिलं.

"हे मेलेलं तोंड देवळात न्यायचं नाही हं! लोकांना जेवायचंय नंतर."

"आत्या, आजोबांचा आहे तो."

"आजोबा आपण पुरले ना? हा उद्या चुलीत."

तिने चांदीच्या काठाचा नवा कोरा स्पोरन त्याच्या कंबरेला बांधला. टॉर्क्विलने माझ्यातून कंगवा काढला, दारूची चपटी बाटली काढली आणि तो निघाला. आतला कप्पा तो विसरला. मी खुर्चीवर लटकून जिवाच्या आकांताने ओरडलो. शिवलेल्या ओठांनी जेवढं ओरडता येतं तेवढंच.

ते टॅटीने ऐकलं की काय, कोण जाणे. तिने माझं नाक धरलं. आयुष्यात पहिल्यांदा मला बरं वाटलं. तिने मला दारातून, चिखलातून, मेंढ्यांच्या कळपातून फरफटत मालकाकडे नेलं.

तिकडे देवळात, हे मी नंतर ऐकलं, पाद्रीबाबा म्हणाले, "अंगठी?"

टॉर्क्विलने नव्या स्पोरनमध्ये हात घातला. कंगवा निघाला. मग बाटली निघाली. मग पुन्हा कंगवाच निघाला.

"टॉर्की, मस्करी पुरे," लॉख्लन पुटपुटला.

"मस्करी नाही रे. मी स्पोरन बदलला."

हे ऐकताच देवळातल्या चाळीस पुरुषांनी आपापला स्पोरन चाचपला. मारीने फुलांचा गुच्छ पाद्रीबाबांच्या हातात दिला आणि बाह्या सरसावल्या. लॉख्लन एक पाऊल मागे सरला.

तेवढ्यात टॅटी आली. तिने मला टॉर्क्विलच्या पायाशी टाकलं आणि शाबासकीची वाट पाहत बसली.

मारी गुरांची डॉक्टर आहे. ती खाली बसली, माझ्या पोटात मनगटापर्यंत हात घातला आणि अंगठी बाहेर काढली.

"ओली आहे," ती म्हणाली.

"चालेल. आपल्या इथल्या पावसात कोरडं काय असतं?" पाद्रीबाबा म्हणाले.

नाचाच्या वेळी आत्याने स्वतः नवा स्पोरन सोडला आणि मला टॉर्क्विलच्या कंबरेला बांधलं. "नीट बाजूला सरकव रे त्याला, नाक मोडेल," असंही वर म्हणाली. दुसऱ्या दिवशी चूल पेटली, पण ती चहासाठी. माझ्या डाव्या डोळ्याच्या जागी आत्याने कोटाचं बटण शिवलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. जपणं जमत नसेल, तर चुलीत टाकण्याआधी निदान आतला कप्पा तरी चाचपून पाहा. आणि तुमच्या कुत्रीला उगाच रागावू नका. टॅटीने ते बटण काल खाल्लं. मी काही बोललो नाही.