चाळिसावी चिठ्ठी

भाचीचं पत्र येऊन आठ महिने झाले तरी मी उत्तर दिलं नव्हतं. लिहायला बसलो नाही असं नाही. नऊ वेळा बसलो. ‘तुझं पत्र पोचलं’ इथपर्यंत नीट जायचं. पुढे, आपल्याला यातलं काय कळतं, असं वाटून कागद खणात जायचा.

पत्रासोबत एक पेन ड्राइव्ह होता. तिने लिहिलं होतं : ‘मामा, मी आणि दोन मैत्रिणींनी एक गेम केलाय. यात उड्या नाहीत, गोळीबार नाही, घाई नाही. चालायचं, बघायचं, वाचायचं आणि पुढे काय करायचं ते निवडायचं. एकट्याने खेळायची गोष्टच म्हण. एक म्हातारा घड्याळजी आहे. शेवटी त्याचं दार वाजतं. त्याने ते उघडावं की नाही, यावर आमचं एकमत होत नाही. दोन्ही शेवट करून ठेवलेत, पण राहणार एकच. तू सांगशील तो ठेवू.’

चाळीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्याच्या चुका काढणं वेगळं आणि गोष्टीचा शेवट ठरवणं वेगळं. शिवाय माझी बोटं थरथरतात. गेम म्हणजे बोटांची करामत, अशी माझी समजूत. म्हणून तो पेन ड्राइव्ह मी कॉम्प्युटरला लावलाही नव्हता.

परवा दुपारी ताई आली. भाचीची आई, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. पिशवी खुर्चीवर ठेवायच्या आधीच तिने सुरुवात केली.

“बाळ्या, माझ्या लेकीने तुझं काय घोडं मारलंय?”

“अगं, लिहितोच आहे.”

“आठ महिन्यांत माणसाचा ग्रंथ लिहून होतो. महिनाअखेरीला त्यांना गेम पक्का करायचाय. मैत्रिणी म्हणतात, दार बंदच ठेवू. ही म्हणते, मामाचं पत्र येऊ दे. काल मला विचारत होती, मामाला आवडला नाही म्हणून तो गप्प आहे का.”

मी खिडकीबाहेर बघू लागलो.

“तू उघडलाच नाहीस,” ताई म्हणाली. “आण इकडे. कुठे खुपसायचं हे?”

पडद्यावर एक दुकान उजळलं. भिंतभर घड्याळं, टेबलावर गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्यांची चळत. एक बटण दाबलं की म्हातारा चालायचा. सोडलं की थांबून आपली वाट बघायचा. माझं बोट थरथरलं की तोही थबकत चालायचा.

“चाल अगदी तुझी आहे,” ताई म्हणाली.

मी तीन चिठ्ठ्या वाचल्या. खाली अक्षरं आली : ‘आता वरच्या मजल्यावर जा.’ मी चौथी उघडली.

“अरे, वर बोलावतायत तुला.”

“हातातलं संपल्याशिवाय पुढचं उचलायचं नसतं.”

“म्हणूनच तुझं लग्न राहिलं.”

मी पेन्सिल घेतली. बाराव्या चिठ्ठीत वारलेले गृहस्थ एकतिसाव्या चिठ्ठीत स्वतः घड्याळ न्यायला आले होते. टिपून ठेवलं.

“दुरुस्ती चांगली झाली असेल,” ताई म्हणाली आणि दुसऱ्यांदा चहा टाकायला गेली.

ती परत आली तेव्हा मी चाळिसाव्या चिठ्ठीवर होतो. शेवटची.

‘मामा, तू इथवर येणार हे मला ठाऊक होतं. मैत्रिणी म्हणाल्या, तीनच्या पुढे कुणी वाचणार नाही. मी पैज लावली. घड्याळजी तुझ्यावरूनच केलाय. रागावू नकोस.’

ताईने ती वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

मग आम्ही वर गेलो. म्हाताऱ्यासमोर एक घड्याळ होतं. दुरुस्त झालेलं, पण दिवसाला सेकंदभर मागे पडणारं. दार वाजलं. पडद्यावर दोन ओळी आल्या : ‘दार उघडा’ आणि ‘आणखी एकदा तपासा’.

माझं बोट सवयीने दुसरीवर गेलं. म्हातारा घड्याळावर वाकला. पुन्हा दार वाजलं. मी पुन्हा तपासलं. तिसऱ्या वेळी थाप हळू होती. त्यानंतर जिना उतरणारी पावलं ऐकू आली आणि गोष्ट संपली. घड्याळ अजून सेकंदभर मागेच होतं.

“कोण होतं रे दारात?” ताईने विचारलं.

“दिसलंच नाही.”

“मग पुन्हा लाव. मला बघायचंय.”

या वेळी मी पहिली ओळ निवडली. दारात ओल्या छत्रीची एक बाई उभी होती. म्हाताऱ्याने चाचरत सेकंदाचं सांगितलं. ती म्हणाली, ‘आजोबा, मी रोज पाच मिनिटं उशिरा पोचते. तुमच्या सेकंदाला कोण विचारतंय?’ तिने घड्याळ कानाशी धरलं आणि हसली.

ताईही हसली. मग तिने टेबलावर कागद आपटला.

मी लिहिलं : ‘तुझं पत्र पोचलं. गेम आवडला, फार आवडला. त्याला दार उघडू दे. आत बसून मला बाहेरचं माणूस दिसलंच नाही, ते दिसायला हवं. ता.क. बाराव्या चिठ्ठीतले गृहस्थ एकतिसाव्या चिठ्ठीत जिवंत आहेत, बघ.’ दोन ठिकाणी खाडाखोड झाली.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत ताई माझ्या शेजारून पहारेकऱ्यासारखी चालली.

“एकदा परत लिहून काढू का?” मी विचारलं. “खाडाखोड आहे.”

ताईने पेटीवर तीनदा टकटक केली आणि माझ्याकडे पाहत राहिली.

मी पाकीट आत सोडलं.